कीर्तीची रात्र आणि कराराची वर्षे

कलावंताला एका रात्रीत कीर्ती मिळाली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्या रात्रीच्या अलीकडची व पलीकडची वर्षे मात्र सहसा कोणी मोजीत नाही. अमेरिकेतील ग्रामीण ‘कंट्री’ संगीताची थोर गायिका पॅट्सी क्लाइन हिचे अल्प आयुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर येथे १९३२ साली तिचा जन्म झाला. वडील लोहारकाम करीत. बिऱ्हाड वारंवार बदलावे लागे. पुढे वडील घर सोडून गेले. आई हिल्डा हिने शिवणकामावर संसार सावरला आणि या थोरल्या मुलीने शाळा सोडून औषधांच्या दुकानातील शीतपेयांच्या काउंटरवर नोकरी धरली. रात्री ती आसपासच्या नाचघरांतून आईने शिवलेला पोशाख घालून गाई. संगीताची लिपी तिला कधीच वाचता आली नाही.

१९५४ साली तिने ‘फोर स्टार’ या ध्वनिमुद्रिका कंपनीशी करार केला. गरजवंताला अक्कल नसते, असे आपण म्हणतो; वस्तुतः गरजवंताला पर्याय नसतो. कंपनीच्या मालकीचीच गाणी गाण्याचे बंधन तिच्यावर आले आणि विक्रीतील तिचा वाटा अत्यल्प ठरला.

२१ जानेवारी १९५७ रोजी आर्थर गॉडफ्री यांच्या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत ‘वॉकिन् आफ्टर मिडनाइट’ हे गीत गाऊन ती पहिली आली. त्या रात्री देशाला तिचे नाव कळले. गीत ग्रामीण संगीताच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. तथापि कीर्तीबरोबर पैसा आला नाही आणि नंतरची तीन वर्षे तिचे एकही गीत गाजले नाही.

१९६० साली करार संपला व ती डेक्का कंपनीकडे गेली. आवाज तोच होता, ध्वनिमुद्रण करणारे ओवेन ब्रॅडलीही तेच होते; केवळ गीत निवडण्याची मोकळीक नवी होती. १९६१ मध्ये ‘आय फॉल टू पीसेस’ पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षीच्या जूनमधील भीषण मोटार-अपघातातून उठून, कुबड्यांच्या आधाराने, तिने तेव्हा फारसे नाव न झालेल्या विली नेल्सन यांचे ‘क्रेझी’ ध्वनिमुद्रित केले. खाणकामगाराच्या घरातून आलेल्या नवख्या लोरेटा लिन हिला तिने याच काळात हात दिला.

अपघातात मरण पावलेल्या एका सहव्यावसायिकाच्या कुटुंबाच्या मदतीसाठी ती कॅन्सस सिटी येथे गायली. तेथून परतताना ५ मार्च १९६३ रोजी विमान कोसळून ती मृत्यू पावली. वय अवघे तीस. १९७३ मध्ये कंट्री संगीताच्या सन्मानदालनात स्वतंत्र गायिका म्हणून प्रथम स्थान तिला मिळाले.

अशा चरित्रांत नशिबाचे कौतुक फार होते. पॅट्सीचे नशीब १९५७ मध्ये उघडले. कराराचे कुलूप निघण्यास १९६० उजाडावे लागले. गुणी माणसाला टाळ्या मिळाल्या की समाज आपले कर्तव्य संपले असे मानतो. त्याच्या श्रमाचे मोल कोणत्या अटींवर ठरले, हा प्रश्नही तितक्याच आस्थेने विचारला गेला पाहिजे.