विश्लेषण : दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके, गोल्फची दहा प्रमुख विजेतेपदे आणि कर्करोगाशी झुंज… कोण होत्या बेब झहारियास?

अमेरिकेतील ‘एलपीजीए’ ही महिलांची व्यावसायिक गोल्फ संघटना आज कोट्यवधी डॉलरच्या स्पर्धा भरवते. १९५० मध्ये ही संघटना स्थापन करणाऱ्या १३ खेळाडूंपैकी एक होत्या बेब डिड्रिक्सन झहारियास. गोल्फमध्ये येण्यापूर्वी त्यांनी ऑलिम्पिकमध्ये तीन पदके जिंकली होती. मात्र, आपल्या खेळावर पोट भरण्याचा हक्क मिळवण्यासाठी त्यांना आयुष्यभर झगडावे लागले. त्यांच्या कारकीर्दीचा हा आढावा.

बालपण कसे होते?

बेब यांचे मूळ नाव मिल्ड्रेड. त्यांचा जन्म २६ जून १९११ रोजी टेक्सासमधील पोर्ट आर्थर येथे झाला. नॉर्वेहून स्थलांतरित झालेल्या दाम्पत्याच्या सात अपत्यांपैकी त्या सहाव्या. वडील सुतारकाम करत. १९१५ च्या चक्रीवादळानंतर हे कुटुंब जवळच्या बोमाँट शहरात राहायला गेले. घरची स्थिती बेताची होती. गल्लीतल्या मुलांबरोबर बेसबॉल खेळता खेळता मिल्ड्रेडची ‘बेब’ झाली. बेसबॉलपटू बेब रूथसारखे फटके मारत असल्याने हे नाव पडले, असे त्या स्वतः सांगत. आई लहानपणापासूनच त्यांना तशाच नावाने हाक मारत असे, असेही म्हटले जाते.

१९३० मध्ये डलासमधील एका विमा कंपनीने त्यांना नोकरी दिली. कागदोपत्री त्या कार्यालयीन कर्मचारी होत्या, प्रत्यक्षात कंपनीला आपल्या बास्केटबॉल संघासाठी खेळाडू हवी होती. १९३१ मध्ये या संघाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

एकटीचा संघ विजेता कसा ठरला?

जुलै १९३२ मध्ये इलिनॉयमधील इव्हान्स्टन येथे राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. हीच ऑलिम्पिकची निवड चाचणीही होती. कंपनीने आपल्या संघात एकच नाव पाठवले, ते म्हणजे बेब. एका दुपारी त्या आठ प्रकारांत उतरल्या. पाच प्रकार त्यांनी जिंकले आणि उंच उडीत त्या संयुक्तपणे पहिल्या आल्या. सांघिक गुणतक्त्यात त्यांच्या नावावर ३० गुण होते. दुसऱ्या क्रमांकावरील संघाला २२ गुण मिळाले आणि त्या संघात २२ खेळाडू होत्या.

ऑलिम्पिकमध्ये काय घडले?

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिलांना ॲथलेटिक्सच्या तीनच वैयक्तिक प्रकारांत भाग घेण्याची मुभा होती. बेब यांनी भालाफेक आणि ८० मीटर अडथळा शर्यतीत सुवर्ण जिंकले. अडथळा शर्यतीतील ११.७ सेकंद ही वेळ विश्वविक्रमी ठरली. उंच उडीत त्या आणि जीन शायली १.६५ मीटरवर बरोबरीत होत्या. मात्र, बेब यांचे डोके शरीराआधी आडव्या दांडीपलीकडे जाते, असे सांगत पंचांनी त्यांची शैली नियमबाह्य ठरवली आणि त्यांना रौप्यपदक दिले. धावणे, फेकणे आणि उडी या तिन्हींत वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणाऱ्या त्या एकमेव खेळाडू आहेत.

‘हौशी’ असण्याचा नियम आड कसा आला?

त्या काळी खेळातून पैसे कमावणाऱ्याला हौशी स्पर्धांची दारे बंद होत. ऑलिम्पिकनंतर काही महिन्यांतच एका मोटारीच्या जाहिरातीत बेब यांचे नाव व छायाचित्र झळकले आणि ॲथलेटिक्स संघटनेने त्यांना अपात्र ठरवले. घरी पैसे पाठवायचे होते, महामंदीचे दिवस होते. त्यामुळे त्यांनी रंगमंचावर हार्मोनिका वाजवली, फिरत्या बास्केटबॉल आणि बेसबॉल संघांतून सामने खेळले.

त्यानंतर त्या गोल्फकडे वळल्या. हाताला फोड येऊन रक्त निघेपर्यंत त्या सराव करत. १९३५ मध्ये त्यांनी टेक्सासची महिला हौशी स्पर्धा जिंकली. पण इतर खेळांतून पैसे कमावल्याचे कारण देत अमेरिकन गोल्फ संघटनेने त्यांना व्यावसायिक ठरवले. अडचण अशी की, महिलांसाठी व्यावसायिक स्पर्धा जवळपास नव्हत्याच. हौशी गोल्फ हा क्लबमधील सधन महिलांचा खेळ होता, तिथे सुताराच्या मुलीला फारशी जागा नव्हती. त्यांचे दिसणे, चालणे ‘बायकी’ नाही, अशी टवाळी क्रीडा पत्रकारही करत.

१९३८ मध्ये लॉस एंजेलिस ओपन या पुरुषांच्या स्पर्धेत त्या खेळल्या. त्यांच्याच गटात कुस्तीपटू जॉर्ज झहारियास होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघांनी लग्न केले. पतीच्या कमाईमुळे त्यांना तीन वर्षे बक्षिसाची रक्कम नाकारून थांबता आले आणि १९४३ मध्ये हौशी दर्जा परत मिळाला. १९४५ मध्ये त्या पुन्हा पुरुषांच्या स्पर्धांत उतरल्या आणि फीनिक्स व टक्सन येथे सुरुवातीच्या फेऱ्यांनंतरची कपात (कट) पार करून शेवटपर्यंत खेळल्या. १९४६ मध्ये अमेरिकन आणि १९४७ मध्ये ब्रिटिश हौशी विजेतेपद त्यांच्या नावावर झाले. ब्रिटिश स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला.

‘एलपीजीए’ का महत्त्वाची?

१९४७ मध्ये त्या पुन्हा व्यावसायिक झाल्या. या वेळी पेच तोच होता, पण उत्तर वेगळे होते : स्पर्धा नसतील तर त्या उभ्या करायच्या. त्यातून ‘एलपीजीए’ आकाराला आली. प्रेक्षक बेब यांना पाहायला येत. लांबच लांब फटके आणि मधूनच केलेले विनोद यांमुळे तिकिटे खपत. सहकारी खेळाडूंना त्यांची बढाईखोर वृत्ती खटके. पण त्यांच्यामुळे सगळ्यांच्याच बक्षिसांची सोय होते, हेही त्या जाणून होत्या. १९५० मध्ये बेब यांनी त्या वर्षीच्या तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या.

कर्करोगानंतर पुनरागमन कसे केले?

एप्रिल १९५३ मध्ये त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग काढून पोटावर मलविसर्जनाचा मार्ग तयार करावा लागला. रोग लसिका ग्रंथींपर्यंत पसरल्याचे डॉक्टरांनी पतीला सांगितले, बेब यांना मात्र नाही. रुग्णापासून असे निदान लपवणे तेव्हा सर्रास चाले. आपण बऱ्या झालो, या समजुतीने त्या साडेतीन महिन्यांत मैदानात परतल्या.

१९५४ ची यूएस महिला ओपन मॅसॅच्युसेट्समधील पीबडी येथे झाली. पोटाला पिशवी लावूनच त्या खेळत होत्या. शेवटच्या दिवशी ३६ होल खेळायचे होते. चार फेऱ्यांत २९१ फटके, दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल १२ कमी. कर्करोग हा शब्दही दबक्या आवाजात उच्चारला जाई, त्या काळात त्यांनी आपल्या आजाराबद्दल जाहीरपणे बोलून संशोधनासाठी निधी उभारला.

१९५५ मध्ये आजार उलटला. २७ सप्टेंबर १९५६ रोजी गॅल्व्हेस्टन येथे वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे स्थान काय?

‘एलपीजीए’च्या नोंदीनुसार त्यांच्या नावावर ४१ विजेतेपदे असून, त्यांत दहा प्रमुख स्पर्धा आहेत. १९५० मध्ये ‘असोसिएटेड प्रेस’ने त्यांना अर्धशतकातील सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवले. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ देण्यात आले. १९४५ नंतर पुरुषांच्या पीजीए स्पर्धेत खेळायला एखादी महिला उतरली ती थेट २००३ मध्ये. आज जाहिरातीतून मिळणारे मानधन ही महिला खेळाडूंची नेहमीची कमाई आहे. बेब यांना त्याच कारणासाठी ॲथलेटिक्स सोडावे लागले होते.