कै. काशीबाई कानिटकर यांची पहिली कादंबरी

मराठी भाषेंतील पहिली कादंबरी बाबा पदमनजी यांनीं १८५७ सालीं प्रसिद्ध केली. ‘यमुनापर्यटन’ हें तिचें नांव असून हिंदु विधवांची दुःस्थिति हा तिचा विषय होता. स्त्रियांचें दुःख असें प्रथम पुरुषाच्या लेखणीनें कादंबरींत आलें. स्त्रीनें स्वतः कादंबरी लिहून ती लोकांपुढें आणणें किती कठीण होतें, हें काशीबाई कानिटकर यांच्या चरित्रावरून कळतें.

काशीबाईंचा जन्म १८६१ सालीं सांगलीजवळील अष्टें या गांवीं बापट घराण्यांत झाला. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न गोविंदराव कानिटकर यांच्याशीं झालें. शाळेचा उंबरठा त्यांनीं कधींच ओलांडला नव्हता. गोविंदराव विद्याव्यासंगी होते. आपल्या पत्नीस लिहितां-वाचतां यावें, अशी त्यांची इच्छा होती. परंतु एकत्र कुटुंबांत सुनेनें हातीं पुस्तक धरणें वडील मंडळींस रुचत नसे. घरकाम उरकून, लोकांची दृष्टि चुकवून जी विद्या मिळाली, तिच्या बळावर या बाई ग्रंथकर्त्या झाल्या.

त्या काळीं नवीन लेखकाची कादंबरी एकदम पुस्तकरूपानें निघणें दुर्मिळ असे. छपाईचा खर्च बहुधा लेखकासच सोसावा लागे, आणि विकत घेऊन वाचणारे थोडे. म्हणून कादंबऱ्या नियतकालिकांतून तुकड्यातुकड्यांनीं निघत. हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिति’ १८८५ सालीं ‘पुणेवैभव’ पत्रांतून अशीच निघूं लागली. पुढें १८९० सालीं हरिभाऊंनीं स्वतःचें ‘करमणूक’ पत्र काढून आपली वाट मोकळी केली. तसें करणें गृहिणीस शक्य नव्हतें. शिवाय स्त्रीच्या नांवाचें पुस्तक दिसलें, कीं तें तिच्या पतीनेंच लिहिलें असावें, असा तर्क करणारेही पुष्कळ असत.

काशीबाईंची ‘रंगराव’ ही पहिली कादंबरी १८८६ सालीं ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकांतून क्रमशः येऊं लागली. ती पुस्तकरूपानें निघण्यास १९०३ साल उजाडावें लागलें. पंचविसाव्या वर्षीं वाचकांपुढें आलेली कथा त्यांच्या बेचाळिसाव्या वर्षीं ग्रंथ झाली! मध्यंतरीं बाई स्वस्थ बसल्या नाहींत. अमेरिकेंत वैद्यकीचें शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ सालीं अकालीं वारल्या. त्यांचें चरित्र काशीबाईंनीं १८८९ सालीं लिहिलें आणि त्या चरित्रानें त्यांचें नांव घरोघर झालें. हरिभाऊ आपटे हे कानिटकर कुटुंबाचे स्नेही. त्यांच्याशीं वाङ्मयचर्चा करून काशीबाईंनीं आपली लेखणी घासून पुसून तयार केली.

१९२८ सालीं त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी निघाली. स्त्रियांच्या हातीं कारभार असलेल्या संस्थानाचें चित्र तींत आहे. १९४८ सालीं त्यांचें देहावसान झालें.

आमच्या छावणींतील या शाळेंत आज मुलींना पुस्तक लपवावें लागत नाहीं; उलट तें वाचलें नाहीं म्हणून बोलणीं खावीं लागतात. आपला निबंध वार्षिकांत यंदा आला नाहीं म्हणून खट्टू होणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ‘रंगराव’ची सतरा वर्षें आठवावीं, आणि पुढील निबंध लिहावयास घ्यावा.