सगळी मुले आपलीच

आपल्या मुलाच्या ताटात जे वाढतो, तेच शेजारच्या मुलाच्या ताटातही वाढणे फारसे अवघड नाही. पण त्याची चूक आपली मानणे? महात्मा गांधींनी ही कठीण साधना दक्षिण आफ्रिकेत केली.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेले गांधीजी तेथे वकिली करत होते. १९१० साली सत्याग्रहींच्या कुटुंबांना आसरा हवा होता. त्यांचे मित्र हर्मन कॅलनबॅक यांनी जोहान्सबर्गजवळची सुमारे ११०० एकर जमीन बिनभाड्याने दिली. तिला टॉलस्टॉय फार्म हे नाव मिळाले.

तेथे नोकर नव्हते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सर्वांचे स्वयंपाकघर एकच, आणि सर्वांच्या संमतीने अन्न शाकाहारी. मुले सकाळी खड्डे खणत, लाकडे फोडत आणि दुपारी शिकत. जे शिक्षक स्वतः करत नाहीत, ते मुलांना सांगायचे नाही, हा तेथला नियम होता. रमजानमध्ये इतर मुलेही मुसलमान सोबत्यांबरोबर एकवेळ जेवत. ती सूर्यास्तापूर्वीच जेवून घेत, म्हणजे रोजा सोडणाऱ्यांना वाढता येई.

काही मुले मात्र उनाड होती. अशांच्या संगतीत स्वतःची मुले का ठेवता, असे कॅलनबॅक यांनी विचारले. गांधीजींनी आपली मुले वेगळी काढली नाहीत. एकदा एका हट्टी मुलाला त्यांनी रागाने रूळ मारला. मारताना त्यांचाच हात थरथरत होता. मुलगा रडला, त्याने क्षमा मागितली. पण या मारण्याचा पश्चात्ताप गांधीजींना पुढे कायम वाटत राहिला. नंतर आश्रमातील दोघांचे नैतिक पतन कळले, तेव्हा त्यांनी इतरांना शिक्षा न करता स्वतः सात दिवस उपवास केला आणि साडेचार महिने एकभुक्त राहिले.

या समभावाची किंमत घरातही मोजावी लागली. शाळेचे रीतसर शिक्षण न मिळाल्याचे शल्य थोरले पुत्र हरिलाल यांच्या मनात राहिले आणि १९११ मध्ये ते वडिलांपासून दूर झाले. पुढे साबरमती आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्येही गांधीजींचे कुटुंब म्हणजे सारा आश्रमच होता. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांचे जीवन संपले.

वाचकहो, आज एखाद्या मुलावर हात उगारण्याआधी क्षणभर थांबा. त्याच्याकडून जे हवे आहे, ते आपण स्वतः आचरतो का, हे आधी स्वतःला विचारा.