आनंदीबाईंची बंगालमधील सिद्धता

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटले की आपणांस कल्याण व पुणे आठवते. परंतु त्यांच्या परदेशगमनाची सिद्धता झाली ती कलकत्त्यानजीकच्या श्रीरामपुरास. पती गोपाळराव टपाल खात्यात होते. बदल्यांनीच हे दांपत्य बंगालमध्ये आणले. (बदलीचे इतके गोड फळ आम्हां नोकरदारांस क्वचितच लाभते!)

चौदाव्या वर्षी दहा दिवसांचे मूल दगावले, तेव्हापासून वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय होता. अमेरिकेतील कार्पेंटरबाईंशी पत्रांतून स्नेह जडल्याने निवाऱ्याची चिंता मिटली. खर्चासाठी दागिने मोडले. उरला लोकापवाद! २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या स्वतः उभ्या राहिल्या. परदेशी कशासाठी, एकटीनेच का, जातीने वाळीत टाकले तर काय, अशा एकेका आक्षेपास त्यांनी इंग्रजीतून उत्तर दिले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. पेट्या भरण्याहून ही तयारी मला अवघड वाटते.

७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. गोपाळराव मागे राहिले. ४ जूनला न्यूयॉर्क आले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यास निवर्तल्या.