शेंडेनक्षत्रावरचे भागवत

भा. रा. भागवतांचा जन्म १९१० चा, इंदूरचा. १९५१ साली त्यांनी मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक काढले. बँकेत हयात घालवलेला माणूस म्हणून सांगतो, अशा धंद्याला कर्ज कुणी मंजूर करणार नाही! भागवतांचे भांडवल होते ते भाषेचे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला, पण परका पाहुणा म्हणून नव्हे. धूमकेतूवरच्या कादंबरीला नाव दिले ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. अगदी आजीच्या तोंडचा शब्द! समुद्र कधी न पाहिलेल्या, वैनगंगेच्या पुरालाच अथांग म्हणणाऱ्या भंडाऱ्याच्या पोरांनाही त्या सफरी आपल्या वाटाव्यात, अशी ही मराठी. ‘फास्टर फेणे’ मात्र त्यांचा स्वतःचा, फुरसुंगीचा. भागवत २००१ साली, नव्वदी ओलांडून गेले.