शिशाच्या गोळीची कसोटी : कॅप्टन जेम्स फोर्सिथ

मोठ्या महादेवाच्या यात्रेस वऱ्हाडातून जाणाऱ्या कुटुंबांना पचमढी हे नाव नवे नाही. चौरागडावर त्रिशूळ वाहून परतताना कित्येक यात्रेकरू तेथील बायसन लॉज नावाची जुनी इमारतही पाहून येतात. ती इमारत १८६२ साली ज्याने उभारली, त्या कॅप्टन जेम्स फोर्सिथचे चरित्र आम्ही यंदा वाचकांस सादर करीत आहोत. पचमढीचा शोध लावणारा म्हणून त्याचे नाव सर्वतोमुखी झाले आहे, आणि त्या शोधाचे साल पुष्कळ ठिकाणी १८५७ असे दिलेले आढळते. वास्तविक तो त्या डोंगरात गेला तो १८६२ च्या आरंभी. शिवाय शोध हा शब्दच आम्हांस मान्य नाही. कोरकू जहागीरदार तेथे पूर्वीपासून नांदत होते आणि भाविकांची पायवाट साहेबाच्या घोड्याने मळविलेली नव्हती. फोर्सिथचे खरे कर्तृत्व दुसऱ्याच एका विषयात आहे, आणि तो विषय म्हणजे ठासणीच्या रायफलीत घालावयाची शिशाची ओतीव गोळी.

शिकाऱ्याचे चरित्र रिद्धपुरासारख्या क्षेत्रातील वाचकांपुढे ठेवताना थोडा संकोच वाटतो. शिकाऱ्यांच्या तावडीतून सशाला वाचविणाऱ्या श्रीचक्रधरस्वामींची लीळा येथे घरोघरी ठाऊक आहे. परंतु ज्या काळी शिकार हा सरकारी अधिकाऱ्याच्या दिनक्रमाचाच भाग होता, त्या काळी गोळी चुकीच्या जागी लागण्याचा अर्थ काय होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अर्धवट जखमी झालेला वाघ झाडीत शिरला की त्याच्या मागावर प्रथम जावे लागे ते हाका घालणाऱ्या गोंड-कोरकूंना. साहेब बहुधा मचाणावर किंवा हत्तीवर असे.

फोर्सिथचा जन्म १८३८ चा. विद्यापीठाचे शिक्षण संपवून तो हिंदुस्थानात आला, बंगाल स्टाफ कोअरमध्ये अधिकारी झाला, आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाल्यावर तेथील जंगलखात्यात त्याची नेमणूक झाली. सर रिचर्ड टेंपल हे त्या प्रांताचे चीफ कमिशनर असताना १८६२ ते १८६४ या काळात त्याने सातपुड्याचा फार मोठा भाग पायाखाली घातला. पुढे आपल्या मेळघाटाला लागून असलेल्या निमाड जिल्ह्याच्या जमाबंदीचे काम त्याजकडे आले आणि तेथील डेप्युटी कमिशनरचा अधिकारही त्याने सांभाळला.

या भटकंतीत त्याच्या खांद्यावर जी बंदूक असे, तिच्याविषयी त्या वेळी इंग्लंडात मोठा वाद माजला होता. लष्कराने १८५३ सालच्या नमुन्याची एन्फील्ड रायफल स्वीकारली होती. तिची गोळी लांबट, वजनाने सुमारे तीन तोळे, आणि दारू मात्र बेताची. अशी गोळी दूरवर जाई, पण कमानीसारखी वर चढून खाली येई. अंतर ठाऊक असलेल्या कवायतीच्या मैदानावर ते चालते. नेमपट्टी त्या अंतरावर लावली की झाले. सागवानाच्या झाडीत जनावर क्षणभर दिसते, ते साठ वारांवर आहे की शंभर, हे ठरविण्यास अवधी नसतो, आणि तेवढ्या फरकाने गोळी पाठीवरून निघून जाते किंवा पाय मोडते.

फोर्सिथचे म्हणणे असे की, रानात उपयोगी पडावयाची ती गोळी सरळ गेली पाहिजे आणि त्यासाठी तिच्यामागे भरपूर दारू हवी. त्याने जुनी वाटोळी गोळीच पसंत केली. एका रत्तल शिशाच्या चौदा गोळ्या व्हाव्यात एवढ्या मापाची, म्हणजे सुमारे पावणेतीन तोळ्यांची ती गोळी. आणि तिला दारू पाऊण तोळा, लष्करी मापाच्या जवळजवळ दुप्पट. पण येथे अडचण उभी राहते. रायफलीच्या नळीत आतून आटे असतात. तेल लावलेल्या चिंधीत गुंडाळून ठासलेली गोळी त्या आट्यांवरून फिरत बाहेर पडते, आणि त्या फिरण्यामुळेच तिची दिशा टिकते. दारू वाढविली की मऊ शिशाची गोळी आटे सोडून सरळच पुढे ढकलली जाते, मग ती कोठे जाईल याचा भरवसा नाही. बाजारात मिळणाऱ्या शिकारी रायफलींचा पीळ घट्ट असल्याने त्यांना थोडीच दारू सोसे. फोर्सिथने उपाय सांगितला तो पीळ सैल करण्याचा. चौदाच्या मापाच्या नळीत गोळीने साडेआठ फुटांहून थोड्या अधिक अंतरात एकच फेरा घ्यावा, असे त्याचे प्रमाण होते. दोन-अडीच फुटांच्या नळीत गोळी पुरता पाव फेरा घेते न घेते तोच बाहेर पडते! ऐकणारास हे खरे वाटू नये असेच होते, म्हणून वादाचा निकाल निशाणावरच लागावयाचा होता.

अशा परीक्षेची रीत सोपी असली तरी चिकाटीची आहे. शिसे वितळवून वरची मळी काढावयाची, साचा तापवून घ्यावयाचा, कारण थंड साच्यातली गोळी सुरकुतलेली निघते. गोळीच्या पोटात हवेची पोकळी राहिली तर ती डोळ्यांना दिसत नाही, तराजूला कळते; हलकी भरेल ती पुन्हा कढईत टाकावयाची. मग बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून ठराविक अंतरावरून अनेक गोळ्या झाडावयाच्या आणि छिद्रे एकमेकांपासून किती दूर पडली ते मोजावयाचे. दारू बदलली तर गोळी तीच, गोळी बदलली तर दारू तीच. दोन्ही एकदम बदलल्यास काही शिकावयास मिळत नाही. एखादी गोळी मध्यावर लागली म्हणून हुरळून जाणाराचे हे काम नव्हे.

हा सर्व विषय त्याने शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवरील आपल्या ग्रंथात मांडला. तो १८६३ च्या सुमारास लंडनला प्रसिद्ध झाला आणि १८६७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. (१८०७ साली आघाताने पेटणाऱ्या चापाचे पेटंट घेणारा धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ हा निराळा, आडनावामुळे घोटाळा होऊ नये.)

तीच दृष्टी त्याच्या वनवर्णनातही आढळते. देनवा नदीच्या खोऱ्यात सागाच्या प्रदेशात सालवृक्षांचे एक एकाकी बेट आहे, आणि पूर्वेकडील सालवनांत राहणारा बारशिंगा व तांबडा रानकोंबडा हे त्या बेटातही सापडतात, ही गोष्ट त्याने टिपून ठेवली. मात्र डोंगरउतारावरची झाडे तोडून, जाळून त्या राखेत पेरणी करणाऱ्या गोंड-कोरकूंच्या दाह्या शेतीकडे त्याने प्रामुख्याने इमारती लाकडाच्या नाशाच्या हिशेबाने पाहिले, असे आम्हांस वाटते. जंगल राखीव झाले तेव्हा त्या कुटुंबांच्या ताटातून काय गेले, त्याचे वजन कोणी केले नाही. आणि त्याच वर्षांत रेल्वेच्या स्लीपरांसाठी सातपुड्याची झाडे गाडीभर उतरत होती.

वाटोळ्या गोळीचे राज्य फार दिवस टिकले नाही. दीडशे वारांपुढे तिचा वेग झपाट्याने ओसरतो, हे तिचे वैगुण्य होतेच. मागून भरावयाच्या बंदुका आल्या, आणि हलकी लांबट गोळी व भरपूर दारू यांची एक्स्प्रेस रायफल शिकाऱ्यांच्या हाती गेली. सरळ मार्गासाठी दारू वाढवावी हे तत्त्व तीतही कायमच राहिले. गेली ती केवळ चिंधीत गुंडाळलेली गोळी. शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू निघाली आणि घरी शिसे ओतण्याची रीतही मागे पडली. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद झाली.

फोर्सिथने यांतले थोडेच पाहिले. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा मोठा ग्रंथ छापून होण्यापूर्वीच, १ मे १८७१ रोजी लंडन येथे वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. ग्रंथ त्याच वर्षी शरद ऋतूत बाहेर पडला. पचमढीतील त्याच्या नावाच्या कड्याला पुढे प्रियदर्शिनी हे नाव मिळाले, आणि बायसन लॉजमध्ये वनखात्याचे संग्रहालय झाले.