फादर स्टीफन्स आणि देवळातले शब्द

मराठीची थोरवी गाणारा इंग्रज पाद्री म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपल्या शाळांतून घेतले जाते. एक प्रसिद्ध ओवी म्हटली की विषय संपतो. त्यांचे खरे काम त्या ओवीच्या पलीकडे आहे.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायरचा. तेथे तेव्हा कॅथलिकांना जाच होता. ते रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मुख्यतः साष्टीतच राहिले. मायदेश त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्या जागी वाचावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्याला उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. मुलांना धर्मशिक्षण देण्यासाठी मात्र त्यांनी कोंकणी वापरली. ते पुस्तक १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या पश्चात छापली गेली. कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे याचा इतका विचार आजचे शिक्षणखातेही करत नाही!

शब्दांची निवडही तशीच. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विष्णू उभा राहील हा धोका त्यांनी पत्करला. माझ्या मते हे मोठेच धाडस होते. धर्मग्रंथ म्हणजे पुराण, उपदेशक म्हणजे गुरू. पवित्र आत्म्यासाठी मात्र त्यांनी चर्चचाच शब्द राखला, कारण तेथे अर्थ घसरला तर श्रद्धाच घसरते.

रोजच्या व्यवहारातले शब्द पोर्तुगीजांबरोबर आले आणि गोव्यात घरचे झाले. चर्च म्हणजे इगर्ज, तिच्या हद्दीतला गाव म्हणजे फिर्गज, तिथला मुख्य पाद्री म्हणजे विगार. वेदीची सामग्री सांभाळणारा सांक्रिस्तांव. आणि मेस्त, म्हणजे मुलांना प्रार्थना, गायन व व्हायोलिन शिकवणारा. आम्हा शिक्षकांचा भाऊबंदच. वसईकडे मात्र धर्मगुरू, धर्मग्राम हे शब्द रुळले आहेत.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज धरावी. लोकांनी ती सोडली नाही. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या. १६१६, १६४९ आणि १६५४ च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला, रोमन लिपीतच. देवनागरीत छापून यायला १९५६ साल उजाडले. ते काम पुण्यात शांताराम बंडेलू यांनी केले.